चार कोपऱ्यांचा रुमाल

गजभिये मॅडम पुरुषांचा रुमाल वापरायच्या. निळ्या चौकटींचा, चांगला हातभर. बायकांच्या चिमुकल्या रुमालांना कोपरेच नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कोपरे कशाला हवेत, हे मला शाळेत नोकरीला लागल्यावर महिन्याभराने कळलं. स्टाफरूममध्ये एका शिक्षकाने त्यांचा डबा न विचारता सरकवला. मॅडमनी पर्समधून रुमाल काढला, एका कोपऱ्याला घट्ट गाठ मारली आणि रुमाल परत ठेवून दिला. आपण मनाशी खूणगाठ बांधतो, त्या रुमालाला बांधायच्या. हिशेब चुकता झाला की गाठ सोडायच्या, आणि ती सगळ्यांसमोर सोडायच्या, म्हणजे ज्याची होती त्याला कळावं.

"कोपरे चारच असतात, खापरे सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "एका टायमाले चारच जणांशी दुश्मनी. पाचव्याले नंबर लावून थांबावं लागते."

आमची शाळा रायपूरच्या भनपुरीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे. बालवाडी ते पाचवी, हिंदी माध्यम, खाजगी. जवळच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांची धूळ खिडकीच्या कठड्यावर रोज इतकी साचायची की पोरं तिच्यावर बोटाने पाढे लिहायची. मी गणित शिकवायचो, मॅडम चौथी-पाचवीला हिंदी. मी अमरावतीकडचा, त्यांचं माहेर मूळचं भंडाऱ्याचं पण जन्म रायपूरच्या रेल्वे कॉलनीतला. त्या पोरांशी हिंदीत, पोरांच्या आयांशी छत्तीसगढीत आणि माझ्याशी आपल्या मराठीत बोलायच्या, आणि भांडायच्या तिन्ही भाषांत.

वाचन कार्ड ही त्यांचीच काढलेली गोष्ट. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर चाळीस चौकोन. पोराने एक पुस्तक घरी न्यायचं, घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्याने चौकोनात सही करायची. सही येत नसेल तर अंगठा. दहा चौकोन भरले की त्या पोराला एक तास मॅडमच्या खुर्चीवर बसायला मिळायचं आणि मॅडम त्याच्या बाकावर बसायच्या. खेळणी, चॉकलेट, पदकं वाटून जे झालं नसतं ते त्या खुर्चीने केलं. चौथीतली पोट्टी गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीवर बसायची आणि मॅडमला विचारायची, गजभिये, होमवर्क क्यों नहीं किया. मॅडम उभ्या राहून माफी मागायच्या.

ज्याचे चाळीस चौकोन सगळ्यात आधी भरतील, त्याचं नाव व्हरांड्यातल्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं जायचं. वर्षाला एकच नाव. ते कधी पुसलं जायचं नाही.

या सगळ्यात वाचनाचं प्रेम किती आणि सूड किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडम तिसरीत असताना त्यांच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. कपाटाचे गुरुजी अख्ख्या वर्गात एकट्या त्यांना नळावर हात धुवायला पाठवायचे. हात धुऊन येईपर्यंत पुस्तकं वाटून संपलेली असायची. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही कार्डांवर नावं घालता घालता. मी म्हटलं, त्या गुरुजींची गाठ सुटली का. त्या म्हणाल्या, "ते मरून गेले. मेलेल्या माणसाची गाठ कोन सोडून देईन?"

म्हणून त्यांच्या पुस्तकांना कव्हर नव्हतं आणि हात धुण्याचा नियम नव्हता. पुस्तक हळदीचे, तेलाचे, काजळीचे डाग घेऊन परत आलं की त्या खूश व्हायच्या आणि कोरं परत आलं की संशयाने बघायच्या. नव्या शिक्षिकेने एकदा पोरांना पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायला सांगितले. दुसऱ्या मिनिटाला रुमाल बाहेर आला. ती गाठ सुटायला सात महिने लागले, आणि मग त्या शिक्षिकेलाच एका पोराचं वाचन ऐकायला मातीत मांडी घालून बसवलं, तेव्हा सुटली.

एक तपासणी अधिकारी तर बिचारा फुकट मेला. प्राथमिकच्या पोरांना पुस्तकं म्हणजे फाडायला कागद, असं तो वर्गात सगळ्यांसमोर बोलून गेला. त्याची गाठ दोन वर्षं राहिली. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा मॅडमनी त्याला अतिशय आदराने वर्गातल्या सगळ्यात बुटक्या बाकावर बसवलं आणि पहिलीतल्या एका पोरीला कार्ड घेऊन पुढे केलं. पोरगी बकरीची गोष्ट वाचायला लागली. अडली की पहिल्यापासून सुरू. साहेब उठायला लागले की मॅडम म्हणायच्या, सर, पूरा सुनना पड़ता है, तभी साइन होता है. बकरी चार वेळा जंगलात गेली. शेवटी साहेबाने सही केली, आणि तो कपाळ पुसत असताना मॅडमनीही रुमाल काढून त्याच्यासमोर गाठ सोडली. त्याला वाटलं असेल, बाईंनाही उकडतंय.

आता दुर्गाचं सांगतो.

दुर्गा चौथीत होती. बाप उरल्याला रोलिंग मिलमध्ये, रात्रपाळीला. सकाळी सात वाजता घरी यायचा, अंगणात बसून बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खायचा, आणि तेवढ्या वेळात दुर्गा त्याला वाचून दाखवायची. मग तो झोपायचा आणि ती शाळेत यायची. तिच्या कार्डावर चाळीसच्या चाळीस अंगठे होते, मिलच्या काळ्या ग्रीसचे. शाई लागलीच नाही. कार्ड हातात घेतलं की हाताला वंगणाचा वास यायचा. डिसेंबरमध्ये सगळ्यात आधी तिचं कार्ड भरलं. मॅडमनी ते मला दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुसऱ्या कोणत्याही कार्डाच्या वेळी पाहिलं नाही.

निकालाच्या कागदावर तिघांच्या सह्या लागायच्या. शाळेचे मॅनेजर, मॅडम आणि मी. मॅनेजरसाहेबांची नात काव्या दुर्गाच्याच वर्गात होती. तिचंही कार्ड शेवटच्या दिवशी आलं, स्वच्छ, चाळीस सह्यांचं, सगळ्या आजोबांच्या, एकाच पेनाने. मॅनेजरसाहेबांनी दुर्गाचं कार्ड दोन बोटांत धरून टेबलावर टाकलं आणि म्हणाले, ये अंगूठे तो कोई भी लगा दे, और इतना गंदा कार्ड मैं फंक्शन में दिखाऊँ क्या. मग त्यांनी मागच्या बेसिनवर जाऊन हात धुतले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या बेसिनकडे पाहत होत्या.

मॅडमनी सही केली नाही. तीनपैकी दोन पुरेशा आहेत, असं साहेब म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला शाळेत पक्कं करायचं त्याच महिन्यात ठरायचं होतं. मी सही केली. खोटं कारण देत नाही, एवढंच कारण होतं.

फळ्यावर काव्याचं नाव लागलं. बाहेर पडताना मॅडमनी रुमाल काढला, एक गाठ मारली, आणि मग माझ्याकडे बघत शेजारच्या कोपऱ्याला दुसरी मारली.

दुर्गाने वाचणं बंद केलं. मॅडमनी पुस्तक पुढे केलं तर घ्यायची नाही. एकदा मी तिथेच होतो. ती खाली बघत म्हणाली, "मोर ददा के अंगूठा त नइ चलय, मैडम. फेर काबर पढ़हूं?" माझ्या बापाचा अंगठाच चालत नाही, तर मी वाचू कशाला. मॅडमनी तिची समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त म्हणाल्या, ठहर जा.

पण थांबायला वेळ कुठे होता. पुढच्या वर्षी दुर्गा पाचवीत, आणि पाचवी झाली की आमची शाळा संपली. जानेवारीच्या वार्षिकोत्सवात तिचं नाव त्या फळ्यावर आलं नाही, तर ती अंगठा न चालणाऱ्या बापाची मुलगी म्हणूनच इथून जाणार होती, आणि पुस्तकाला पुन्हा हात लावेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

जुलैमध्ये मॅडमनी मला एक हाताने लिहिलेला कागद दिला. वाचन कार्डाची नवी नियमावली, टाईप करून मॅनेजरसाहेबांची सही आणा, म्हणाल्या. मी टाईप करायला बसलो. पहिले सहा नियम नेहमीचे. सातवा, अंगठ्याचा मान सहीइतकाच राहील. आठवा असा, की फळ्यावर नाव लागलेल्या मागच्या वर्षीच्या कार्डाची वार्षिकोत्सवात मंचावर पडताळणी होईल. ज्याने ऐकून सही केली त्याने चाळीसपैकी एका पुस्तकाची गोष्ट स्वतः सांगायची. सांगता आली नाही तर ते नाव पुसून दुसऱ्या कार्डाचं लागेल.

मी आठवा नियम दोनदा वाचला. मॅडम समोर वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साहेब सही करतील काय यावर?" मी विचारलं.

"वाचतील तर नाई करनार," त्या म्हणाल्या. "वाचतात काय ते?"

साहेब वाचत नसत. दाखले, पत्रकं, सुट्टीचे अर्ज, सगळं कागदाच्या तळाशी बोट ठेवून सही करायचे आणि पेन बंद करता करता फोनवर बोलायचे. सगळ्या शाळेला ही सवय माहीत होती आणि सगळे तिच्यावर हसायचे. मॅडमनी तिचा उपयोग केला. माझ्या मनात आलं, साहेबांना सांगावं, नोकरी जन्माची पक्की होईल. मग मी कागद घेऊन गेलो, तळाशी बोट ठेवलं, त्यांनी सही केली, मी परत आलो. मॅडमनी सही बघितली, रुमाल काढला आणि माझी गाठ माझ्यासमोर सोडली. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

त्या सहा महिन्यांत मॅडम जितक्या गोड वागल्या, तितकं गोड वागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांच्या वाढदिवसाला पोरांकडून ग्रीटिंग करवून घेतलं. साहेब मला म्हणाले, गजभिये मैडम अब समझदार हो गई हैं. मी मान डोलावली. दात दिसतील म्हणून तोंडावर हात धरला.

जानेवारीत मैदानावर मांडव पडला. प्रमुख पाहुण्या म्हणून शिक्षण खात्यातल्या एक बाई आल्या होत्या. नाच झाले, भाषणं झाली. मग मॅडम माईकवर आल्या आणि नियमावलीतला आठवा नियम वाचला, नंबरासकट, आणि खाली कोणाची सही आहे तेही वाचलं. मांडवात टाळ्या पडल्या. किती पारदर्शक शाळा म्हणून पाहुण्या बाईंनीही वाजवल्या. मॅडमनी काव्याचं कार्ड साहेबांच्या हातात दिलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "सर, ये चालीसों आपने सुनी हैं. कोई भी एक सुना दीजिए. बच्चे बहुत दिन से इंतज़ार कर रहे हैं."

साहेब हसले. म्हणाले, अब इतनी सारी, याद कहाँ रहती हैं. मॅडम म्हणाल्या, एकच. साहेबांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागच्या रांगांत मिलवाले, ड्रायव्हर, हमाल बसले होते, एरवी शाळेत साहेबांसमोर बसायची त्यांची छाती नव्हती. ते बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. ते तसेच तासभर उभे राहावेत असं मला वाटलं.

शेवटी साहेब म्हणाले, काव्या बताएगी. आणि काव्याला पुढे ओढलं.

काव्याने माईक धरला आणि गोष्ट सांगायला लागली. चांगली सांगितली, नावं, गावं, कोण काय म्हणालं ते सगळं. एक संपल्यावर न सांगता दुसरी सुरू केली. मग तिसरी. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. पोरीने खरंच वाचली होती, चाळीसही वाचली असतील. साहेबांचा रंग परत आला. तेवढ्यात पाहुण्या बाईंनी सहज विचारलं, बेटा, दादाजी को कब सुनाती थीं, सुबह या शाम. काव्या म्हणाली, "दादाजी को टाइम नहीं था. मैं स्कूल की गाड़ी में अकेले पढ़ती थी. दादाजी ने साइन एक ही दिन में कर दिए."

मांडव हसला. मोठी माणसं हसली, हे जास्त वाईट. काव्याला कळेना काय चुकलं.

मॅडमना तिथे थांबता आलं असतं. माईक त्यांच्याच हातात आला होता. दोन्ही पोरींनी वाचलंय, दोघींची नावं लावू, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि साहेबांची फजिती तर होऊनच गेली होती. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते वाक्य येताना पाहिलं आणि परत जातानाही पाहिलं. त्या म्हणाल्या, नियम के अनुसार ये नाम हटेगा, और दुर्गा के पिताजी मंच पर आएँ.

दुर्गाचा बाप रात्रपाळी करून न झोपताच आला होता, मिलच्या कपड्यांत. माईकपासून चार हात लांब उभा राहिला आणि छत्तीसगढीत गोष्ट सांगायला लागला. राक्षसाची गोष्ट होती, पण त्याच्या तोंडी राक्षस मिलच्या भट्टीजवळ राहत होता आणि त्याला आठवड्याची सुट्टी नव्हती. लोक हसले, तो थांबला, मग आपल्या गोष्टीला हसतायत हे कळल्यावर दुसरी सुरू केली. तिसरीला पाहुण्या बाईंनी उठून त्याचा हात धरला, तेव्हा तो गप्प झाला. दुर्गा मंचाखाली उभी होती. तिचे ओठ बापाबरोबर हलत होते, प्रत्येक वाक्याला.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. काव्याच्या नावावर काळा रंग फिरला आणि त्यावर पांढऱ्याने दुर्गाचं नाव आलं. मॅडमनी तिच्या बापाला बोलावून त्याचा अंगठा पांढऱ्या पेंटमध्ये बुडवला आणि नावाशेजारी फळ्यावर उमटवला. मॅनेजरसाहेबांच्या केबिनला जायचा रस्ता त्याच फळ्यासमोरून जातो. त्या दिवशी दुपारी केबिनच्या दारात उभं राहून मॅडमनी साहेबांची गाठ सोडली. सावकाश, दातांनी.

दुर्गा त्याच आठवड्यात पुस्तक घेऊन गेली. नंतर सहावीला ती मोठ्या शाळेत गेली आणि तिथलं कपाट तिने कसं रिकामं करत आणलं, ते तिचा बाप अजूनही भेटला की सांगतो.

साहेबांनी मॅडमना काढलं नाही, कारण खात्याच्या बाई अधूनमधून विचारपूस करायच्या. पण मॅडमकडून चौथी-पाचवी काढून घेतली आणि बालवाडीत बसवलं. मॅडमनी त्याची गाठ मारली नाही. मला नवल वाटलं. आणखी एक गोष्ट बदलली होती. काव्या त्यांच्या समोरून गेली की त्या बोलणं अर्धवट सोडायच्या. एकदा मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेल्या, मुझे सुनाएगी क्या म्हणाल्या. काव्या डबा घेऊन उठून गेली.

मार्चअखेर मॅडम निवृत्त झाल्या. मुलाने तेलीबांध्याला फ्लॅट घेतला होता, तिकडेच राहायला जाणार होत्या. निरोप समारंभ साहेबांनी ठेवलाच नाही. शाळा सुटल्यावर मी त्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलो. पोरं पाया पडत होती, काही रडत होती. काव्या फाटकाजवळ एकटी उभी होती. पाया पडली नाही. तिच्या फ्रॉकला पिनने लावलेल्या रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ होती. मॅडमची सवय सगळ्या शाळेने उचलली होती, पण पोरं खेळात मारायची आणि विसरायची.

मॅडम थांबल्या. रुमालाकडे बघत म्हणाल्या, "मेरी है?"

काव्याने मान हलवली. हो.

"खोलेगी?"

"नहीं."

मला वाटलं, आता त्या माफी मागतील. मी त्यांना कधी कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं, खुर्चीचा खेळ सोडला तर. त्या वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, धुळीत टेकल्याच म्हणा ना. तिच्या रुमालाची गाठ बोटांनी चाचपली. सैल होती, पोरीच्या हाताची. मॅडमनी ती सोडली. काव्या रडवेली झाली, मागे सरकायला लागली. मॅडमनी तिचा खांदा धरला आणि तोच कोपरा पुन्हा वळवून, दोन्ही टोकं ओढून, घट्ट गाठ मारून दिली.

"ऐसे मारते हैं," त्या म्हणाल्या. "नहीं तो खुल जाती है."

मग उठल्या, साडीची धूळ झटकली आणि माझ्या हातातून पिशवी घेतली. ऑटोवाला तेलीबांध्याला यायला तयार नव्हता, त्याच्याशी दोन मिनिटं भांडल्या आणि बसून गेल्या. काव्या रुमाल मुठीत धरून ऑटो वळेपर्यंत बघत होती.